झुंबराखालचा यामिल

निएवेसच्या फोनमध्ये तिच्या लेकाचं एक हसू जपून ठेवलेलं होतं. यामिलच्या बाप्तिस्म्याच्या जेवणावळीतलं. तो तिच्याच कडेवर, डोक्यावर पांढरी टोपी, अंगावर उधळलेला रंगीत कागदांचा चुरा, आणि मान मागे टाकून असा खदखदून हसतोय की बघणाऱ्यालाही हसू फुटावं. हसतोय तो तिच्या तोंडाकडे बघून. घागऱ्यांच्या चुण्या घालता घालता, बटाटे सोलता सोलता ती ते बघायची आणि मग फोन उलटा ठेवून डोळे पुसायची. हा माझा खरा यामिल, असं म्हणायची. घरात जो आहे तो नुसता मागे उरलेला.

घरात जो होता तो सात वर्षांचा, गुटगुटीत, गच्चीच्या कठड्याला नाक लावून तासन्‌तास रोपवेचे डबे बघणारा. डबा यायचा झाला की दोन्ही हात खांद्याशी नेऊन बोटं फडफडवायची, डबा गेला की हात खाली. हाक मारली तर वळेलच असं नाही. शब्द मोजकेच: पाणी, नको, लाल, निळा. ऑटिझम आहे, असं डॉक्टरीणबाईंनी केव्हाच सांगितलं होतं. मूल असंच जन्माला येतं, कुणाचा दोष नाही, शाळेत घाला, त्याच्या चालीनं शिकेल, हेही सांगितलं होतं. निएवेसनं त्याला शाळेत घातलं. बाकीच्या बोलण्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

कारण काय झालं आणि कुठं झालं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. यामिल वर्षाचा झाला तेव्हा गोवराची लस द्यायला ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. सुई टोचली, पोरगं असं किंचाळलं की बाहेर बसलेल्या बायकांनी आत डोकावून बघितलं. त्यानंतर हळूहळू तिच्या ध्यानात येत गेलं की हा हाकेला बघत नाही, बोट करून काही दाखवत नाही, शेजारच्या पोरांसारखा 'आई' म्हणून हात पसरत नाही. आता ला पासच्या दरीवरच्या आमच्या एल आल्तोत तान्हं लेकरू दचकलं की त्याचा आहायु, म्हणजे आतला जीव, निसटतो आणि दचकलं त्याच जागी बसून राहतो, हे काय कुणाला शिकवावं लागतं? पोर जिन्यावरून पडलं, कुत्रं अंगावर आलं, की आई दिवेलागणीला त्या जागी जाते. लेकराची टोपी हवेत फिरवते, नाव घेऊन बोलावते: चल राजा, घरी चल, इथं राहू नको. मग ती टोपी घरी आणून लेकराच्या डोक्यावर घालायची, वाटेत मागे वळून बघायचं नाही. पोर दुसऱ्या दिवशी खेळायला लागतं. आम्ही सगळे असेच कधी ना कधी परत बोलावले गेलेलो आहोत.

निएवेसही गेली होती. दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून ती पांढरी टोपी फिरवत होती, थंडीनं ओठ फुटेपर्यंत. एकदा नव्हे, दर वर्षी. "यामिल, चल रे, घरी चल!" तिथला चौकीदार दार लावून आत जाऊन बसायचा, त्या बिचाऱ्यालाही बघवायचं नाही. जीव काही आला नाही.

आणि सुई टोचणारा हात कुणाचा? सख्ख्या नणंदेचा. वाल्तेरची थोरली बहीण सेनोबिया त्याच दवाखान्यात नर्स. सुरुवातीला ती घरी आली, छापील कागद घेऊन आली, समजावून सांगायला लागली. निएवेसनं तिला दारातच गाठलं. "ताई, तुमचे कागद तुमच्यापाशी ठेवा. माझं लेकरू परत द्या, मग आत या." सेनोबिया पांढरीफटक पडली आणि जिना उतरून गेली. तेव्हापासून वाल्तेर सणासुदीला एकटाच बहिणीकडे जाऊन यायचा आणि घरी आल्यावर काय जेवलो तेही सांगायचा नाही.

मग फोनवर तो ग्रुप आला. 'जागी आई'. तो चालवणारा गृहस्थ कुठल्या देशातला होता देव जाणे, पण बोलायचा काय गोड! लशीत विष असतं, ते मेंदूत चढतं, डॉक्टर लोक लपवतात. ऑटिझम धुऊन काढणारे थेंबही विकायचा मेला. निएवेसनं मागवलेली बाटली वाल्तेरनं उघडून हुंगली, फरशी पुसायच्या औषधासारखा भपकारा आला, तशी सरळ गटारात ओतली. पण बोलणं निएवेसच्या मनात राहिलं. जीव निसटला म्हणा की विष चढलं म्हणा, दोन्ही बोटं त्याच एका सुईकडे होती. गाठ दुहेरी बसली.

आणि आता साइदा वर्षाची झाली होती.

साइदा म्हणजे यामिलची धाकटी बहीण, दोन दातांची, कुणी नुसतं हं म्हटलं तरी हसणारी. तिच्या गोवराच्या लशीची वेळ आली आणि नेमका त्याच वेळी गोवर गल्लीत शिरला. पाववाल्याची मुलगी आधी तापानं फणफणली, मग तो छातीत उतरला, मग तिला ऑक्सिजन लावायची वेळ आली.

"उद्या नेतो मी साइदाला," वाल्तेर जेवताना म्हणाला.

"हात तर लावून बघ तिला."

"अगं, पाववाल्याची पोरगी मरता मरता वाचली!"

"आणि माझा कुठं वाचला? माझा गेलाच की."

"कुठं गेला? तो बघ, तुझ्यासमोर बसून सूप ओरपतोय!"

यामिल खरंच सूप ओरपत होता. वाळवलेल्या बटाट्याचे काळे तुकडे बाहेर काढून त्यांची ताटलीच्या कडेनं रांग लावत होता, लहानापासून मोठ्यापर्यंत.

"तो नव्हे," निएवेस म्हणाली.

वाल्तेरनं चमचा खाली ठेवला. तो मिनीबस चालवणारा माणूस, दिवसभर शिव्या खाणारा आणि देणारा, पण त्या वेळी त्याचा आवाजच बसला. "मला साइदाची भीती वाटते गं. गाडीत कुणी खोकलं तरी छातीत धस्स होतं. रविवारपर्यंत थांबतो. तू नाही नेलंस तर सोमवारी मी नेणार, मग घरात राहा नाहीतर माहेरी जा."

निएवेस हटणारी नव्हती. 'जागी आई'वाल्या गृहस्थानं सगळ्या आयांना सांगितलंच होतं: लशीच्या आधीचं मूल आणि नंतरचं मूल, असा शेजारी शेजारी व्हिडिओ करून पाठवा, जग हादरेल. जग राहू दे, आधी वाल्तेर हादरला तर पुरे, असं तिनं ठरवलं. नंतरचा यामिल तर रोज समोर होता. आधीचा हवा होता, आणि फोनमधला तुकडा तर अगदीच चिमूटभर. म्हणून बाजाराच्या दिवशी साइदाला पाठीवर बांधून, यामिलचं मनगट धरून, ती प्रिमितिवो काकांच्या दुकानात गेली.

प्रिमितिवो काकांनी अर्ध्या एल आल्तोची लग्नं, बाप्तिस्मे आणि त्यांतली भांडणं कॅमेऱ्यात धरून ठेवलेली. दुकान कसलं, डब्यांची वखारच ती.

"काका, यामिलच्या बाप्तिस्म्याचं सगळं आहे का हो? न कापलेलं? आधीचं आणि आत्ताचं शेजारी शेजारी लावायचंय."

"आहे का म्हणून काय विचारतेस? माझी बायको मला टाकून गेली, पण मी एक कॅसेट टाकली नाही. बस. ए बाळा, त्या वायरीला हात नको लावू. हे बघ, तुझ्याकडे आहे तो तुकडा मी कापून दिलेला. जवळून घेतलेलं, हसरं तेवढं ठेवायचं. रडकं पोर सीडीत घातलं तर पुढच्या कार्याला मला कोण बोलावणार?"

"लशीच्या आधीचं आहे ना हे? त्याला वर्षही झालं नव्हतं."

"तारीख कोपऱ्यात आहे की. बघ बापडे."

पडद्यावर जेवणावळीचा हॉल उजळला. तोच तो, हिरव्या-केशरी भिंतींचा, मालकानं नुकतंच भलंमोठं झुंबर आणून टांगलेला. कॅमेरा आधी झुंबरावर होता, कारण काकांनाही ते तेव्हा नवलाचं. त्याचे दिवे रंग बदलत होते. लाल, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, मग क्षणभर अंधार, आणि पुन्हा लाल. मग कॅमेरा खाली आला आणि निएवेसला निएवेस दिसली, बारीक, नव्या शालीत, आणि तिच्या कडेवर तो.

"आला!" निएवेस म्हणाली आणि तिनं खुर्ची पुढे ओढली. आता तो तिच्याकडे बघून हसणार होता.

पडद्यावरची निएवेस त्याच्यासमोर तोंड नेऊन गालफुगवी करत होती. यामिलनं मान वाकडी केली. खांब मध्ये आला तर आपण बाजूनं बघतो ना, तसं त्यानं आईच्या तोंडाच्या बाजूनं वर बघितलं. जांभळे दिवे विझले. त्याचे दोन्ही हात खांद्याशी गेले, इवलीइवली बोटं फडफडली, आणि लाल उजळायच्या जराशी आधी, आधी बरं का, तो मान मागे टाकून खदखदून हसला.

तेच हसू. त्याच्या वाटेत तिचं तोंड फक्त मध्ये आलेलं होतं.

पडद्यावर आत्या, मावश्या, शेजारणी गोळा झाल्या. "यामिल! ए यामिल! इकडे बघ राजा!" कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी खुळखुळा हलवला, बँडवाल्यानं कानाशी तुतारी फुंकली. तो दचकला, डोळे मिटले, उघडले, आणि परत वर. कुणाकडेही बघितलं नाही. आणि मग पडद्यावरच्या निएवेसनं एक गोष्ट केली, जी खुर्चीतल्या निएवेसला मुळीच आठवत नव्हती. ती गालफुगवी करायची थांबली. तिनं लेकाच्या नजरेमागून वर बघितलं, झुंबराकडे. थोडा वेळ तशीच बघत राहिली. मग परत त्याच्याकडे बघितलं, कपाळाला बारीक आठी घातली, आणि त्याची हनुवटी धरून तोंड कॅमेऱ्याकडे वळवलं.

"अगंबाई," निएवेस एवढंच म्हणाली. "मी बघितलं होतं."

"लाल," कुणीतरी म्हणालं.

तिनं वळून बघितलं. वायरींचा नाद सोडून यामिल पडद्याजवळ येऊन उभा राहिला होता. पडद्यावर जांभळे दिवे नुकतेच विझले होते. त्याचे हात खांद्याशी, बोटं फडफडती. कडेवरच्या यामिलचेही हात खांद्याशी, बोटं फडफडती. लाल उजळला आणि दोघे एकदम हसले. मोठा आणि तान्हा, एकाच मापानं, एकाच सुरात, एकमेकांना जराही न चुकता. पुन्हा पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. पुन्हा अंधार. "लाल," यामिल म्हणाला, आणि पुन्हा दोघे.

निएवेसच्या अंगावर सरसरून काटा आला. वर्षही न झालेलं पोर! बोलता येत नाही, धड उभं राहता येत नाही, त्या गोंगाटात, तुताऱ्या-ढोलांत, शंभर माणसांच्या हाका बाजूला सारून हा वरच्या दिव्यांचा क्रम पाठ करून बसला होता. अंधार झाला की पुढे काय येणार, हे त्या अख्ख्या हॉलात त्याला एकट्याला ठाऊक होतं आणि त्याचाच त्याला तो आनंद झाला होता. मालकाला तरी माहीत होतं का आपल्या झुंबरात काय आहे? देवाशप्पथ, तिला वाटलं, हे मी पोटातून काढलंय?

मग मी इतकी वर्षं त्या पायरीवर बोलावत कुणाला होते? आणि हा? मी फोनमधल्याला कुरवाळत रडायचे तेव्हा हा इथंच, चार हातांवर असायचा. सगळं बघत होता का हा?

"करून देऊ का?" काका विचारत होते. "आधीचं एका बाजूला, आत्ताचं एका बाजूला. काय ते म्हणालीस ना?"

"यात आधी आणि नंतर कुठं आहे, काका?" निएवेस म्हणाली. "तोच तर आहे सगळा."

तिनं शालीच्या पदरानं तोंड झाकलं आणि हमसाहमशी रडली. काकांनी लग्नघरची खूप रडणी बघितलेली, त्यांनी मुकाट्यानं पुन्हा पहिल्यापासून लावून दिलं. यामिलची काही हरकत नव्हती.

मनात आणलं असतं तर तिला तो तुकडा तेवढा ठेवून गप्प बसता आलं असतं. कुणाला कळणार होतं? काका तर कुणाचंच कुणाला सांगत नाहीत. पण शनिवारी सकाळी तिनं दोन्ही पोरांना धुऊनपुसून काढलं आणि वाल्तेरला म्हणाली, "सोड आम्हाला दवाखान्यापाशी. आणि काही बोलू नकोस." वाल्तेरनं तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं.

सेनोबिया लशीच्या खोलीत होती. भावजयीला दारात बघून तिनं हातातली पेटी खाली ठेवली.

"ताई, साइदाला लस द्यायची आहे."

"बस हं. मी दुसऱ्या नर्सला बोलावते."

"दुसरीला कशाला?"

"माझा हात नको तुला, निएवेस."

"तुमचाच हवा," निएवेस म्हणाली आणि काकांकडून अख्खं चित्रण घालून आणलेला फोन पुढे केला. "आधी हे बघा."

सेनोबियानं उभ्या उभ्या सगळं बघितलं, शेवटपर्यंत. मग भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिली.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "लस देताना प्रत्येक आईच्या तोंडाकडे बघायची भीती वाटायची मला. उद्या ही पण येईल, माझं लेकरू दे म्हणेल. तुला काय माहीत?"

"शिव्या द्या, ताई. मी ऐकून घेते."

"देईन नंतर, सवडीनं." सेनोबियानं नाक ओढलं आणि तिच्यातली नर्स जागी झाली. "पण हे बघ, एका व्हिडिओनं जगाचं कोडं सुटत नाही. उद्या तुझा तो थेंबवाला म्हणेल, ही नाही तर आधीची लस, दोन महिन्यांची. मग? हा व्हिडिओ तुझ्यापुरता. लोकांसाठी मोजून बघावं लागतं, आणि ते बघितलंय. हे सगळं खूळ उठलं ते एका इंग्रज डॉक्टरच्या लेखावरून, बारा पोरं बघून लिहिलेल्या. तो लेख छापणाऱ्यांनीच मागे घेतला आणि त्या डॉक्टरचं लायसनही गेलं. मग डेन्मार्कात सहा लाखांवर मुलं वर्षानुवर्षं बघितली. गोवराची लस घेतलेली आणि न घेतलेली. लस घेतलेल्यांत ऑटिझम जराही जास्त नव्हता. तेच कागद घेऊन आले होते मी तेव्हा."

"सहा लाख?" निएवेस म्हणाली. "नुसती लेकरं?"

"नुसती लेकरं."

निएवेसनं खिडकीबाहेर बघितलं. विटांची घरं पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेली. या अख्ख्या गावात लहानथोर मिळून असतील आठ-नऊ लाख. त्यातली निम्मीअधिक माणसं काढून प्रत्येकाच्या जागी एक लेकरू ठेवायचं, आणि प्रत्येकाच्या मागे एक आई. कुठल्या कोण त्या दूरच्या बायका. तिच्यासारख्याच त्यांनाही धाकधूक असणार. त्यांच्या एवढ्या लेकरांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून ही एक गोष्ट पक्की केली होती, आणि ती तिच्या दारात आली होती तेव्हा तिनं दार लावून घेतलं होतं.

"धर घट्ट," सेनोबिया म्हणाली.

साइदानं आधी आत्याकडे बघून दोन्ही दात दाखवले आणि सुई टोचताच असा टाहो फोडला की निएवेसचं काळीज हललं. तोच टाहो. तिनं डोळे घट्ट मिटले. सेनोबियाचा हात अगदी स्थिर होता. सुई बाहेर आली, कापूस दाबला. निएवेसनं तो हात धरला आणि पोरीचा टाहो ओसरेपर्यंत सोडला नाही.

"आठवड्यानं थोडा ताप येईल कदाचित, बारीक पुरळही," सेनोबिया म्हणाली. "घाबरू नको. फोन कर. मला कर, त्या ग्रुपला नको."

"तुम्हीच या ना. रविवारी. सूप करते."

बाहेर आल्यावर निएवेस पायरीवर थांबली. साइदा अजून हुंदके देत होती. दचकलीच होती पोर, त्यात खोटं काय? दिवेलागण नव्हती, टळटळीत सकाळ होती, तरी निएवेसनं पिशवीत हात घालून इतकी वर्षं जवळ बाळगलेली यामिलची पांढरी टोपी काढली आणि हवेत फिरवली. "चल साइदा, घरी चल, इथं राहू नको." चौकीदारानं सवयीनं आत जायला पाऊल उचललं आणि नाव ऐकून थबकला. बाईबरोबर एक लहानसं पोर होतं आणि ती चक्क हसत होती.

मग सवयीनंच तिचं तोंड पुन्हा उघडलं. "यामिल, च..." आणि मिटलं.

यामिल रस्त्यापलीकडे कठड्यापाशी उभा होता, जिथं एल आल्तो संपतं आणि खाली ला पासची दरी सुरू होते. वाल्तेर गाडीपाशी उभा राहून त्याच्यावर नजर ठेवून होता. निएवेस जाऊन लेकाच्या शेजारी उभी राहिली. हाक मारली नाही, हनुवटी धरली नाही. गुडघे वाकवून तिनं आपलं तोंड त्याच्या उंचीला आणलं आणि तो बघत होता तिकडे बघितलं. समोर नुसता खोल रितेपणा, पलीकडे बर्फाचा डोंगर, आणि मधे एक तार. काहीच नव्हतं. यामिलचे हात खांद्याशी गेले.

"लाल," तो म्हणाला.

आणि दरीतून, कड्याच्या धारेवरून, उन्हात चकाकत, लाल डबा वर आला.

"अगं आई गं," निएवेस म्हणाली. आयुष्यभर त्या डब्यांतून ये-जा केलेली बाई ती, पण डबा असा शून्यातून उगवताना तिनं कधी बघितलाच नव्हता. "परत, यामिल. परत सांग."

तो सांगत राहिला आणि डबे येत राहिले. वाल्तेरनं हॉर्न वाजवला तेव्हा कुठं ती उठली. पांढरी टोपी तिनं साइदाच्या डोक्यावर घातली, तिला ती बरोबर बसली. मग यामिलचं मनगट धरण्याऐवजी तिनं हात नुसता पुढे केला आणि थांबली. थोड्या वेळानं त्यात त्याची बोटं आली. दवाखान्याच्या पायरीकडे तिनं मागे वळून बघितलं नाही. तसा रिवाजच आहे, पण त्या दिवशी ते रिवाजासाठी नव्हतं. तिथं तिचं कुणी राहिलेलं नव्हतं.